आज साधी

फुव्वा, ३ ऑक्टोबर १९९४

आदरणीय डॉक्टर लबीब नसीफ,

नाईलच्या या काठावरून तुमच्या समुद्राच्या काठाला बहजत मास्तरचा सलाम.

तुम्ही गाव सोडून मुलीकडे, एव्हलिनकडे अलेक्झांड्रियाला गेलात त्याला अकरा वर्षं झाली. आपल्या गल्लीतल्या बायका अजूनही पोर खोकलं की "लबीब डॉक्टर असते तर..." असं वाक्य सुरू करतात आणि अर्धवट सोडून देतात. मी जन्मभर व्याकरण शिकवलं. अपुरं वाक्य मला सोसत नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. खिडकीतून नदी दिसते आहे, पलीकडे कोणीतरी होडीला डांबर लावतो आहे, आणि मला आपले जुने दिवस असे आठवताहेत की जणू वर्गात हजेरी चालू आहे आणि एकेक दिवस उठून 'हजर' म्हणतो आहे.

बातमी अशी की तुमच्या जुन्या दवाखान्याच्या दारावर संगमरवरी पाटी बसवायचं गल्लीनं ठरवलं आहे. शुक्रवार, २ डिसेंबर, दुपारच्या नमाजानंतर. भाषण माझ्याकडे. सकीना म्हणाली, "म्हणजे लोकांना जेवून या म्हणावं." तेहेतीस वर्षं तिनं माझ्या कविता ऐकल्या आहेत, तिला तेवढा अधिकार आहे. पाटीवर माझ्या दोन ओळी कोरायच्या आहेत:

साखरेवाचून ज्याने सत्य पेल्यातून दिले,
गोड त्या कडवेपणाने घर माझे भारले.

या ओळींचा अर्थ आज फक्त तुम्हाला आणि मला कळेल. २ डिसेंबरला तो मी सगळ्यांना सांगणार आहे. पण आभार आधी ज्याचे त्याला पोचावेत.

१९६१ चा ऑक्टोबर. इन्साफ, माझी पहिली बायको, तापानं फणफणत होती. तुम्ही सकाळ-संध्याकाळ येत होतात. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही तिची छाती तपासलीत, हात धुतलेत आणि नेहमीसारखे बाहेरच्या खोलीत बसलात. मी स्टोव्हवर तुमच्यासाठी कॉफी ठेवली. तुम्हाला तीन चमचे साखर लागायची. लबीब डॉक्टर सरबतात कॉफी घालून पितात, अशी गावभर चेष्टा होती. आणि त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "मास्तर, आज साधी."

साधी, म्हणजे बिनसाखरेची. ती आपण कुठे पितो? मयताच्या मांडवात. समाचाराला आलेल्या माणसाला आपण विचारतही नाही, साधीच हातात देतो. ज्या घरात आजारी माणूस अजून श्वास घेतो आहे, त्या घरात साधी कोण मागतं?

तुम्ही 'ती वाचणार नाही' असं म्हणाला नाहीत. एका शब्दात सांगितलंत आणि कप तळापर्यंत प्यायलात. नंतर तुम्ही आठ दिवस अलेक्झांड्रियाला गेलात. परतलात तेव्हा ती मातीखाली होती. समाचाराला आलात, एक घोट घेतलात आणि कप खाली ठेवलात. त्यानंतर या गावात तुम्ही कोणाच्याही घरी कॉफी घेतली नाहीत, फक्त बडीशेपेचं पाणी. कारण आम्ही सगळे ओळखून होतो. बोललं कोणीच नाही.

आज मी बोलतो. तुमचे आभार, डॉक्टर. या म्हणजे या. गाडीची व्यवस्था आहे.

तुमचा,
बहजत शिन्नावी


अलेक्झांड्रिया, १४ ऑक्टोबर १९९४

प्रिय बहजत मास्तर,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा एव्हलिननं मोठ्यानं, कारण तुमचं अक्षर अजून तितकंच वळणदार आहे आणि माझे डोळे नाहीत. उजव्या पायाची दोन बोटं मार्चमध्ये इथल्या डॉक्टरांनी नेली. उरलेल्या आठांवर मी गॅलरीपर्यंत जातो, समुद्राला शिव्या देतो आणि परत येतो. तेव्हा २ डिसेंबरचं कठीण दिसतं.

पाटी बसवा, पण उंचावर. खाली बसवलीत तर पोरं तिचा गोलपोस्ट करतील. कवितेबद्दल बोलायचं तर, मास्तर, कॉफी तुम्ही मला दिलीत, मी तुम्हाला नाही. 'पेल्यातून दिले' कसं काय? शाळेत असतो तर मी तुमचे दोन गुण कापले असते.

आता थट्टा पुरे.

'आज साधी' असं मी म्हणालो, हे मला खरोखर आठवत नाही. पण इन्साफबाईंची केस मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. उजवं फुफ्फुस, खालचा भाग. पेनिसिलीनच्या सुया सकाळ-संध्याकाळ. माझ्या आठवणीप्रमाणे मी निघालो त्या सकाळी ताप उतरणीला लागला होता आणि छातीतला आवाज मोकळा होत होता. अजून सहा दिवस सुया चालल्या की ती उठून बसेल, या खात्रीनं मी गाडीत बसलो. परतलो तर समाचाराला यावं लागलं.

मी कंपाउंडर अतिय्याला विचारलं. तो म्हणाला, "सगळ्या सुया वेळेवर दिल्या, डॉक्टर. एकही चुकली नाही." म्हणजे माझेच कान चुकले. तेहेतीस वर्षं मी हेच धरून चाललो आहे की त्या सकाळी मी जे ऐकलं ते मला नीट ऐकू आलं नाही. तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्यानंतर छातीचा प्रत्येक रोगी मी दमनहूरच्या इस्पितळात धाडला. गाव म्हणायचं, लबीब डॉक्टर सावध आहेत. मी सावध नव्हतो, भ्यालेला होतो.

तुम्ही लिहिता की 'एका शब्दात सांगितलंत'. मी काय सांगितलं, आणि तुम्ही काय समजलात? नंतरच्या त्या दिवसांत घरात नेमकं काय झालं? सुया कोण देत होतं? मला सविस्तर लिहा, मास्तर. उपमा गाळल्या तरी चालेल. एवढं एक मला कळायला हवं आहे, आणि आता फार दिवस हातात नाहीत.

तुमचा,
लबीब


फुव्वा, २७ ऑक्टोबर १९९४

आदरणीय डॉक्टर,

तुमची विनयशीलता! 'आठवत नाही' म्हणता. सूर्यालाही विचारलं तर तो म्हणेल, काल उगवलो होतो का ते आठवत नाही. (ही उपमा गाळता आली नाही, क्षमा असावी.)

सविस्तर सांगतो. सांगताना मला दुःख होत नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत दिवस होते, आणि ती शांतता तुमची देणगी.

तुम्ही कप ठेवून जिना उतरलात. माझी आई दारामागेच उभी होती. तुम्हाला ती आठवत असेल, जीभ चाकूसारखी. म्हणाली, "ऐकलंस? साधी मागितली." मी म्हटलं, "ऐकलं." म्हणाली, "मग आता त्या अतिय्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. जायचंच आहे तर पोरीची चाळणी करून धाडायची का?" आईपुढे मी कधीच बोललो नव्हतो.

आत गेलो तर इन्साफ उशीला टेकून बसली होती. दार उघडंच होतं, डॉक्टर. तिनं विचारलं, "डॉक्टरांनी साधी मागितली ना?"

मी म्हटलं, "कॉफीचं काय घेऊन बसलीस."

"मला साखरेचा वास येतो," ती म्हणाली. "तीन चमचे पडले की घरभर येतो. आज आला नाही."

आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी अतिय्या पेटी घेऊन आला. आईनं दार अर्धं उघडून सांगितलं, "नको टोचूस तिला. पुरे झालं." तो म्हणाला, "आजी, डॉक्टर मला फाडून खातील." आई म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितलंय. तुला जीभ आहे, त्यांना अक्कल आहे." तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा गेला. मग यायचा बंद झाला. औषधाच्या बाटल्या कोनाड्यात ओळीनं उभ्या होत्या, परीक्षेला बसलेल्या पोरींसारख्या गुपचूप.

दोन दिवस तिचा ताप तसा कमीच होता. हातपाय थंड, डोळे स्वच्छ. आई म्हणाली, विझताना दिवा मोठा होतो. आम्ही तिला गच्चीवर नेलं, कारण तिला नदी बघायची होती. पेरूचे दिवस होते. तिनं एक पेरू हातात धरून ठेवला, खाल्ला नाही, नुसता हुंगत राहिली. मी तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या. वाळवंटातले ते कवी उजाड झालेल्या मुक्कामापाशी उंट थांबवतात आणि रडतात, त्या. ती म्हणाली, "तुमच्या कवींना बाई निघून गेल्यावरच का सुचतं?" हसली. फार गोड हसली. तिचे चांगले कपडे तिनं स्वतः बोचक्यात बांधले आणि म्हणाली, "जी येईल तिला सैल होतील." आईनं तोवर माझ्या मावशीकडे सकीनासाठी निरोप धाडला होता. ते मला नंतर कळलं. इन्साफला आधीच कळलं असावं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि मग उतरला नाही. सहाव्या दिवशी पहाटेची बांग झाली तेव्हा ती गेली. दंडावर एकही नवा डाग नव्हता, डॉक्टर. आंघोळ घालणाऱ्या बाईनंसुद्धा ते बोलून दाखवलं.

दुसरा एखादा डॉक्टर असता तर त्यानं खोटी आशा लावून शेवटच्या दिवसापर्यंत तिला टोचलं असतं. तुम्ही एका शब्दानं ते वाचवलंत. म्हणून आभार.

दवाखान्यात एक काचेचं कपाट ठेवतो आहोत. तुमची एखादी वस्तू हवी. रोग्यांच्या भेटींची ती काळ्या पुठ्ठ्याची वही असेल तर उत्तम.

तुमचा,
बहजत


अलेक्झांड्रिया, ९ नोव्हेंबर १९९४

प्रिय मास्तर,

पत्र पोचलं.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ती म्हाताऱ्याची बडबड होती. दुसऱ्याच कुठल्या रोग्याची आठवण तुमच्या घरी नेऊन ठेवली. वही काढून पाहिली. तुम्ही म्हणता तसंच तीत लिहिलं आहे. ती वाचणार नव्हती. मला ठाऊक होतं आणि मी जाणूनच तो शब्द वापरला. तुम्ही बरोबर समजलात. तुमच्या आईही बरोबर समजल्या. अतिय्याला कोणी काही बोलू नये.

आता दोन विनंत्या. हा प्रसंग भाषणातून काढा, आणि त्या दोन ओळी पाटीवर घालू नका. माझं नाव आणि वर्षं पुरे. वही मिळणार नाही, वाळवीनं खाल्ली आहे.

मी येऊ शकत नाही. पुन्हा विचारू नका. सकीनाबाईंना नमस्कार सांगा. त्यांच्या हातचं बडीशेपेचं पाणी आठवतं.

लबीब


फुव्वा, १८ नोव्हेंबर १९९४

आदरणीय डॉक्टर,

वही आधी काढून पाहिलीत आणि चार ओळींनंतर ती वाळवीनं खाल्ली! छत्तीस वर्षं मी मुलांचे बहाणे तपासले आहेत. वही आहे, आणि तुम्ही ती लाजेपायी देत नाही. मी एव्हलिनला वेगळं लिहिणार आहे, तुमची तक्रार करणार आहे.

तुमच्या दोन्ही विनंत्या मी नम्रपणे नाकारतो. ओळी कोरून झाल्या आहेत. गवंडी म्हणतो, दगडावर खोडरबर चालत नाही. आणि प्रसंग तर मी सांगूनही बसलो. तुमचं 'मला ठाऊक होतं' हे पत्र आलं त्या शुक्रवारी मी न्हाव्याच्या दुकानात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काय सांगू तुम्हाला! अर्ध्या दाढीला साबण लावलेली माणसं उठून उभी राहिली. न्हावी म्हणाला, "आता असे डॉक्टर कुठे? आताचे मेलेल्यालाही गोळ्या लिहून देतात." अतिय्या कोपऱ्यात बसला होता. दोन्ही डोळे गेले आहेत त्याचे. मी वाचून संपवलं तशी त्यानं चाचपत माझा हात धरला आणि ढसाढसा रडला. मी म्हटलं, "बोल ना, तुलाही काही सांगायचं असेल." तो काहीच बोलला नाही. हात मात्र सोडवेना. कृतज्ञता माणसाची वाचा नेते, ती अशी.

आता सगळ्या गावाचा आग्रह आहे की वही आणावी आणि काचेत इन्साफच्या पानावर उघडी ठेवावी. पोरांना दिसू दे की सत्य सांगायला किती थोडी शाई लागते.

येण्याचं नाही म्हणू नका. आठ बोटांनी चालता येत नसेल तर आम्ही उचलून नेऊ. तुम्ही नसाल तर मी आभार कोणाचे मानू, दगडाचे? निमंत्रणपत्रिका सोबत जोडली आहे. इन्साफचं नावही छापलं आहे, तुमच्या नावाच्या खालीच.

तुमचा हट्टी,
बहजत


अलेक्झांड्रिया, ८ जानेवारी १९९५

प्रिय बहजत काका,

तुमची समाचाराची तार आणि पाटीचा फोटो दोन्ही मिळाले. बाबा २४ नोव्हेंबरला गेले आणि तुमचा कार्यक्रम आठ दिवसांनी झाला. थोडक्यात हुकलं. या वर्षी आम्ही नाताळ केला नाही. चाळिसावा झाल्यावर आज पहिल्यांदा त्यांच्या टेबलापाशी बसले आहे.

तुमची पत्रं त्यांच्या उशीखाली होती. पुन्हापुन्हा वाचून घड्या विरल्या आहेत. शेवटचे पंधरा दिवस ते दुसरं काही वाचतच नव्हते. आयुष्यभर लोकांच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे कोणीतरी इतक्या मनापासून आभार मानले, आणि वेळेवर मानले, याचं मला फार समाधान आहे. तुमचे उपकार विसरणार नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी सकाळी शाळेत शिकवायला जाते. मागाहून नर्स त्यांना इन्सुलिनची सुई द्यायला यायची. ज्या दिवशी मी त्यांचं तुम्हाला लिहिलेलं शेवटचं पत्र पेटीत टाकलं, त्या दिवसापासून त्यांनी तिला दारातूनच परत धाडलं. म्हणाले, "नको टोचूस, बाई. दुसरी लावली आहे." मला म्हणायचे, घेतली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. असं का केलं असेल? कोणाला शिक्षा करत होते? इस्पितळात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कॉफी मागितली. "तीन चमचे साखर घाल," म्हणाले. मी ओरडले, "बाबा, वेड लागलंय का?" तर म्हणाले, "एकदाच. बहजत मास्तरांच्या घरच्यासारखी." मी दिली नाही, काका. साधीच दिली. त्यांनी कपात पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून समजलेलं नाही.

तुम्ही वहीबद्दल लिहिलं होतंत. ती त्यांच्या कपाटात होती, अगदी धड. सोबत पाठवते आहे. तुमच्या इन्साफकाकूंच्या पानावर त्यांनीच खूण घातली होती, तुमच्या निमंत्रणपत्रिकेची. ते पान मलाही जवळचं आहे, कारण त्याच सकाळी त्यांना स्वतःची साखर पहिल्यांदा कळली. मी तेव्हा सात वर्षांची, शाळेसाठी इथे आजोळी राहायची. त्याच संध्याकाळी ते औषधोपचारासाठी आठ दिवस आमच्याकडे आले. आजीनं कुनाफाच्या मिठाईचं ताट पुढे केलं तर म्हणाले, "आजपासून सगळं साधं." आम्ही पोरं त्या शब्दावर हसलो होतो. आणि आठवडाभरात कॉफीच बंद झाली. गावात कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. आजारी डॉक्टरकडे कोण येईल, म्हणायचे. आता सांगायला हरकत नाही.

तुमची,
एव्हलिन


फुव्वा, २२ जानेवारी १९९५

बाई एव्हलिन,

वही मिळाली.

तुमच्या वडिलांचं अक्षर वाईट होतं हे बरं. वाचायला वेळ लागला. तेवढा वेळ मी तेहेतीस वर्षांपूर्वीचाच माणूस होतो. पानावर असं आहे: 'बहजत मास्तरांची बायको. पाचवा दिवस. ताप उतरतो आहे. आवाज मोकळा. सुया आणखी सहा दिवस. उठेल.' मग एक रेघ. खाली: 'माझी स्वतःची लघवी. नळीत विटकरी रंग. आजपासून साखर बंद. मास्तरांकडे कॉफी साधी घेतली. वाईट लागत नाही.'

त्याखाली निळ्या शाईत ९ नोव्हेंबरची तारीख आणि एकच ओळ आहे: 'कान बरोबर होते.'

सकीनाला मी ते वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती. थांबली नाही. म्हणाली, "म्हणजे तुम्ही तेव्हा एक शब्द विचारला असतात, तर मी या घरात आलेच नसते." मग म्हणाली, "तिचे कपडे मला सैलच झाले होते."

तुम्ही विचारता, कोणाला शिक्षा करत होते. आता मला माहीत आहे, आणि तुम्हालाही कळायला हवं. माझं २७ ऑक्टोबरचं पत्र तुमच्याकडे आहे, ते पुन्हा वाचा. आमच्या गावात त्याला कृतज्ञता म्हणतात. तुमचे वडील माझ्यासाठी शेवटी खोटं बोलले, जन्मात एकदाच बोलले असतील, आणि ते मी न्हाव्याच्या दुकानात वाचून दाखवलं. आता माझे आभार मानू नका. मानायचेच असतील तर जरा थांबा, मी मेल्यावर माना.

अतिय्याला मी पान वाचून दाखवायला गेलो होतो. पहिल्या ओळीलाच तो म्हणाला, "पुढचं मला माहीत आहे, मास्तर. सहा दिवसांच्या बाटल्या मीच मोजून दिल्या होत्या." तेवढंच. आम्ही दोघे भिंतीला टेकून बसलो. कॉफी आली नाही, आम्ही मागितली नाही.

पाटी तशीच आहे. शाळेतली पोरं जाता-येता माझ्या त्या दोन ओळी तालात म्हणतात. मीच चाल लावून दिली आहे. काचेच्या कपाटात वही कुठलं पान उघडून ठेवायची म्हणून लोक रोज विचारतात. मी सांगतो, वाळवीनं खाल्ली. तुमच्या वडिलांचाच बहाणा आहे, चांगला चालतो. पण ती तुमची आहे, म्हणून परत पाठवतो आहे.

एक गोष्ट मी भाषणात सांगितली नाही, पत्रातही लिहिली नाही. ती लिहितो आणि संपवतो.

छत्तीस वर्षं मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचो. अनोळखी शब्दाला भिऊ नका, ओळखीचा वाटणारा शब्द जास्त फसवतो. तो आला की हात वर करा आणि विचारा, इथे याचा अर्थ काय? तासाला मुलं इतके हात वर करायची की मी वैतागायचो.

त्या सकाळी मी स्टोव्हपाशी उभा होतो. बाहेरच्या खोलीत तुमचे वडील, आतल्या खोलीत इन्साफ, दोन्ही दारं उघडी. साखरेचा पहिला चमचा भरून मी भांड्यावर धरला होता, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मास्तर, आज साधी."

मी चमचा डब्यात परत उलटा केला.

चमचा उजव्या हातात होता, बाई. डावा मोकळा होता.

बहजत शिन्नावी